पाट्या फिरवणाऱ्यांचं गाव

त्या गावात मी कधी गेले नाय. नकाशावर दाखव म्हणाल तर बोट कुठं ठेवायचं तेही मला कळायचं नाय. पण चौकातनं डावीकडे वळलं की काय लागतं, कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला होता आन् त्यापायी दोन घरांचं बोलणं अजून का बंद हाय, ते मी डोळे मिटून सांगेन. माझ्या सासरच्या गावाची एवढी माहिती मला नाय. सासरी कुणी बसवून सांगितलीच नाय, आल्या दिवशी कामाला लावलं.

हे गाव मला कळलं कुवेतमध्ये, फिंतासला, पाचव्या मजल्यावरच्या एका स्वैपाकघरात. घरातला साहेब चेक देशाचा, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर इंजिनियर. बायको पुण्याची, सिटीत बँकेत. दोघांचं कसं जमलं ते मी विचारलं नाय. रोज सकाळी भांडून एकाच गाडीतनं जायचे, म्हणजे चांगलं जमलं होतं. मला ठेवलं ते साहेबाच्या म्हाताऱ्या आईसाठी.

"मावशी, तुम्ही फक्त त्यांच्यापाशी बसा," सून म्हणाली. "त्या थंडीपुरत्याच आल्यात."

तेव्हा थंडी संपून उन्हाळा लागला होता. तो उन्हाळा गेला, दुसरी थंडी आली, तीही गेली. म्हातारी तिथंच.

खिडकीत बसून असायची. आधी माझ्याशी बोललीच नाय. मग एक दिवस खाली बोट दाखवून विचारते, "ह्या गावाचा मध्य कुठाय?"

मी वाकून बघितलं. इमारती, गाड्या, कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, मशीद, परत इमारती, मग समुद्र. म्हटलं, "मध्य नाय. समुद्र लागला की संपलं."

"मध्य नाय ते गाव कसलं?"

"गाव नाय ते. राहायची जागा हाय."

हे तिला पटलं. तिथनं आमचं जमलं. बोलायचो कशात विचाराल, तर तिचं इंग्लिश मोडकं, माझं त्याहून मोडकं, वर माझं हिंदी, दोघींचं चिमूटभर अरबी आन् दोघींचे हात. अडलं की संध्याकाळी सून पुण्याच्या मराठीत सोडवून द्यायची. इथं मी सगळं आपल्या बोलण्यात सांगते, नायतर सकाळ होईल.

तर गाव. मधोमध चौक, दगडी फरशीचा. चौकात उंच खांब, खांबावर मेरीमाता. फार मागं साथ आली, निम्मं गाव मेलं. उरलेल्यांनी साथ सरली म्हणून खांब उभा केला.

मी म्हटलं, "आमच्याकडे कोंबडं देतात. निदान नंतर खाता येतं."

म्हातारीनं विचार केला. म्हणाली, "आमच्याकडे चर्चमध्ये कुणी जात नाय. पण त्या खांबाला हात लावलास तर मार खाशील."

खांबासमोर एक चौथरा. त्याच्यावर पहिल्यांदा मिशीवाला बादशा होता. बादशाचं राज्य बुडालं तसा तो उतरवला आन् देशाचा पहिला अध्यक्ष चढवला. जर्मन आले, त्यांनी अध्यक्ष उतरवला. जर्मन गेले, अध्यक्ष तळघरातनं काढून, पुसून परत वर. मग लाल झेंड्यावाले आले, अध्यक्ष परत तळघरात, वर एक लांब कोटवाला रशियन. म्हातारी कुवेतला यायच्या थोडी वर्षं आधी तो कोटवालाही उतरला. आता चौथऱ्यावर फुलांची कुंडी हाय.

"अध्यक्षाला परत का नाय बसवला?" मी विचारलं.

"तळघराची किल्ली ज्याच्याकडे होती तो मेला."

चौकाभोवतीच्या घरांना जुन्या कुठल्या राजानं बिअर गाळायचा हक्क दिलेला. सगळ्यांनी एकदम नाय, पाळीपाळीनं. ज्याची पाळी त्यानं दारावर हिरवी फांदी टांगायची. फांदी दिसली की अख्खं गाव त्या घरात. पुढं गावाची एकच मोठी भट्टी झाली, घरोघरचं गाळणं बंद पडलं. पण म्हातारीच्या दारावर तो फांदीचा खिळा होता तिथंच होता. "आमच्या घराला खिळा हाय," हे ती असं सांगायची, जसं आमच्याकडे शिमग्याला लोक सांगतात की पालखी आमच्या अंगणात थांबते.

गावाबाहेर मोठं तळं, कुठल्या जमीनदारानं खणून घेतलेलं. त्यात कार्प नावाचा मासा. थंडीच्या तोंडाला तळ्याचं पाणी सोडून देतात आन् गाव चिखलात उतरतं. वर्षभर एकमेकाकडे न बघणारे त्या दिवशी एकाच जाळ्याला हात लावतात. तो मासा नाताळात खायचा. त्याच्या आधी काही दिवस जिवंत आणून घरातल्या आंघोळीच्या टबात सोडायचा.

"मग आंघोळ?"

"करत नाय."

"कुणीच?"

"मासा करतो."

मी रत्नागिरीकडची, बांगड्या-सुरमईवर वाढलेली. म्हटलं, "आजी, गोड्या पाण्यातला मासा म्हणजे नुसता चिखल लागतो गो तोंडात."

"चिखल जावा म्हणून तर टबात ठेवायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला काय वाटलं, गप्पा मारायला?"

माणसं कशी? कधी होय म्हणायची नाय, कधी नाय म्हणायची नाय. सगळ्याला एकच उत्तर, "बघू." पाऊस पडला की रानात अळंबी काढायला जायची, आन् आपली जागा कुणाला सांगायची नाय. म्हातारीच्या सासऱ्यानं मरणाच्या खाटेवर आपल्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जागा सांगितली. हा दिवस उजाडताच टोपली घेऊन गेला. तिथं एक अळंबं नाय.

"मरताना पण खोटं बोलला मेला?"

"आपण मरतोय ह्याची त्याला खात्री नव्हती."

हे ऐकल्यावर मला ते गाव परकं वाटेना. वरचा बर्फ काढला तर आमचीच वाडी.

घराचं असं झालं की लाल झेंड्यावाल्यांनी चौकातली घरं सरकारजमा केली. म्हातारीच्या घरात खाली दूधसंघाचं ऑफिस आलं, ही आन् नवरा वरच्या दोन खोल्यांत. आपल्याच जिन्यानं जायला ऑफिसच्या शिपायाला विचारायचं. ते राज्य गेलं, घर परत मिळालं, तोवर नवरा मातीत गेला होता. छप्पर खचलेलं आन् भिंतींना आंबट दुधाचा वास. "पण दार माझं," ती म्हणायची.

नवरा नगरपालिकेत पाट्या रंगवणारा. रशियन रणगाडे आले त्या साली गावागावातनं लोकांनी रस्त्यावरच्या पाट्या उपटल्या, काही उलट्या दिशेला फिरवल्या, म्हणजे रणगाड्यांना वाट सापडू नये. हिच्या नवऱ्यानं तर कमाल केली. आपल्या गावाच्या पाटीवर शेजारच्या गावाचं नाव रंगवलं आन् त्यांच्या पाटीवर आपलं. रणगाडे त्या दोन गावांभोवती गरगर फिरले आन् शेवटी एक तळ्याच्या चिखलात रुतला.

"मग?"

"मग पाववाल्याची गाडी पण चुकली. आमचा पाव कितीतरी दिवस शेजारच्या गावात उतरला. त्यांनी गपचूप खाल्ला. रशियनांना गाव विसरलं, तो पाव नाय विसरलं."

नवऱ्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आन् त्याला भट्टीवर पिंपं धुवायला लावलं. "त्याला वास आवडायचा," म्हातारी म्हणाली. "शिक्षा देणाऱ्यांना ठाऊक नव्हतं."

मी लाटणं खाली ठेवलं. कारण हे पाट्यांचं मी डोळ्यांनी बघितलं होतं, इथंच.

इराकी कुवेतमध्ये घुसले तेव्हा मी सालमियाला एका अरबाच्या घरी कामाला. घरातल्या बाबानं, म्हणजे मालकानं, स्वतः शिडी लावून घराचा नंबर काढला. शेजाऱ्यांनीही काढले. रस्त्यांच्या पाट्या गेल्या. इराकी शिपाई यायचे, कुणाचं तरी नाव घेऊन घर विचारायचे. घरचे दारात उभं करायचे मला. मी म्हणायची, मालूम नाय. खरंच मालूम नव्हतं. एकदा पाव मिळतो का बघायला बाहेर पडले तर परत येताना माझंच घर मला सापडेना, सगळ्या भिंती सारख्या. दुसऱ्याच्याच दारात बसून रडले, त्यांनी पाणी दिलं आन् माझ्या दारात आणून सोडलं. ते शेजारचंच घर होतं.

पुढं आम्हा भारतीयांना बसमध्ये कोंबून जॉर्डनच्या वाळूत नेलं. तिथं तंबूत राहिलो, भातात वाळू. माझे दात झिजलेत ते वयानं नाय. विमानानं मुंबईला आणलं, तिथनं एसटीनं गावी गेले, तर माझ्या खोलीत दिरानं म्हैस बांधलेली. नवरा आधीच वारला होता, मूलबाळ नाय.

दीर म्हणाला, "वहिनी, आम्हाला वाटलं तू काय आता येत नायस."

म्हैस मान वळवून बघत होती. तिची काय चूक, तिला जागा आवडली होती. तेलविहिरींची आग विझल्यावर मी परत कुवेतला आले.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "भांडली नायस?"

"कुणाशी? म्हशीशी?"

ती हसली नाय. "तू इथं होतीस म्हणून तुझी खोली गेली."

"होय."

ती खिडकीकडे वळली. तिचं घर दोन थंड्या बंद होतं. काय मनात आलं ते मला विचारावं लागलं नाय.

आन् तसंच झालं. एका दुपारी जेवताना साहेब आईला काहीतरी समजावत होता, आवाज न चढवता. वाईट माणूस नव्हता तो. सुनेनं मला ओट्यापाशी सांगितलं, "मावशी, घराला गिऱ्हाईक मिळालंय. हॉटेल करणार आहेत. छप्पर पडायला आलंय, ह्या वयात एकट्या कशा राहणार तिथे? गिऱ्हाइकाचा वकील कामासाठी कुवेतला आलाय, गुरुवारी घरी येऊन सही घेईल. रात्री त्याचं विमान आहे. एकदा झालं की ह्या इथंच राहतील. बरंच आहे ना?"

मी म्हटलं, "बघू." सवय लागली होती.

सून गेल्यावर म्हातारी आत आली, माझ्या समोरच्या स्टुलावर बसली. "सही केली की मला परत जायला दार नाय."

"मग नाय म्हण त्याला."

"तो कारण विचारेल. मी सांगेन खिळा. तो छपराचा फोटो दाखवेल. फोटो खरा हाय."

"तुझं नाय ऐकत?"

"ऐकतो. मग परत समजावतो. इंजिनियर हाय." आन् म्हणाली, "वकील कुठला माहीत हाय? शेजारच्या गावचा."

तिनं तोंड असं केलं की ताकात माशी पडावी. मी उठून दाराबाहेर गेले आन् फ्लॅटचा पितळी नंबर घासायला लागले. ती मागनं येऊन बघत राहिली.

"हे निघतं?" तिनं विचारलं.

"स्क्रू हायत."

आम्ही एकमेकीकडे बघितलं. माझा अकामा, म्हणजे राहायचा परवाना, नोकरीवर होता आन् नोकरी साहेबाच्या हातात. ते मला ठाऊक होतं. म्हैस पण ठाऊक होती.

आमच्या घरमालकाच्या तिथं तीन इमारती, एकाच साच्यातल्या, एकच पिवळट रंग, एकच फाटक. फाटकावरच्या पितळी पाटीवर नंबर तेवढा वेगळा. गुरुवारी सकाळी दोघं कामावर गेली तशी मी खाली उतरले. आन् म्हातारी, जी गुडघ्यांपायी वर्षभर लिफ्टपर्यंत आली नव्हती, ती माझ्या पुढं.

राखणदार, त्याला तिकडे हारिस म्हणतात, इजिप्तचा होता. वयस्कर बाईला म्हणतात तसं मला म्हणाला, "हज्जा, हे काय चाललंय?"

"सफाई. पितळ बघ कसं काळं पडलंय."

"ते माझं काम हाय."

"म्हणूनच काळं पडलंय."

फुकटात होतंय बघून त्यानं स्वतःच स्क्रू काढायचं हत्यार दिलं, स्टूल दिलं आन् चहा प्यायला गेला. आमची पाटी तिसऱ्या फाटकावर गेली, तिसरीची आमच्या. म्हातारी खालनं हुकूम देत होती. "थोडी तिरकी लाव. सरळ लावलीस तर आजच लावली ते कळतं. नवरा माझा तिरकीच लावायचा."

मग वर येऊन आम्ही खिडकीत बसलो, दोघींना दोन कप कॉफी.

वकील आला. सूट घातलेला, त्या उन्हात. तिसऱ्या इमारतीत शिरला. पाचव्या मजल्यावर रातपाळी करून झोपलेली एक मल्याळी नर्स राहायची. तिनं त्याला दोन भाषांत हाकलला, आम्हाला इथवर ऐकू आलं. वकील बाहेर येऊन घाम पुसत बकाल्यात शिरला आन् आमचा फोन वाजला.

म्हातारीनं फोन घेतला. आवाज असा गोड केला की मला वाटलं आता ह्याला जेवायला बोलावते. काय बोलली ते नंतर सांगितलंन मला. "अहो, तुम्ही भलतीकडेच आलात. समुद्र दिसतोय का? तो डाव्या हाताला ठेवा आन् सरळ चला."

वकिलाच्या गाडीचा ड्रायव्हर नवा होता. समुद्र डाव्या हाताला ठेवून ते दोघे दक्षिणेला गेले. फहाहील मागं पडलं, वस्ती मागं पडली. बऱ्याच वेळानं परत फोन वाजला. ते खैरानला पोचले होते, अरब लोक सुट्टीला जातात त्या समुद्रकाठच्या बंगल्यांपाशी.

"पुढं काय दिसतंय?" म्हातारीनं विचारलं.

"सौदीची हद्द लिहिलंय."

"मग जरा पुढं गेलात तुम्ही."

त्या दिवशी नुसता वकील नाय चुकला. गॅसवाला सिलिंडर घेऊन तिसऱ्या इमारतीत चढला. आन् संध्याकाळी आमची सून, बँकेत डोकं पिकवून घेऊन आलेली. टॅक्सीवाल्यानं नंबर बघून सोडलं तिथं उतरली, लिफ्टनं पाचव्या मजल्यावर गेली आन् नर्सच्या दाराला चावी लावून फिरवत बसली. नर्सनं दार उघडलं तेव्हा तिची ती तिसरी मोडलेली झोप होती.

सून वर आली ती ओरडतच. "मावशी! इमारतीचा नंबर कुणी बदलला?"

"सफाई केली."

"सफाई!"

तेवढ्यात साहेब आला. तो गाडी लावून मागच्या दारानं यायचा, त्याला पाट्या बघायची गरजच नव्हती. पण वकिलाचा त्याला विमानतळावरनं फोन आला होता. म्हातारी टेबलाशी, पुढ्यात पितळ घासायची डबी. मी कांदा चिरत होते. कांद्याचा एक उपयोग असतो, डोळ्याला पाणी आलं तरी कुणी विचारत नाय. आज नोकरी गेली असंच मी धरून चालले होते.

पुढचं सगळं त्यांच्या भाषेत झालं. सून माझ्या शेजारी उभी राहून हळूच सांगत होती, रागातच, पण सांगत होती.

"मम्मी, वकील खैरानला पोचला."

"शेजारच्या गावचे असेच."

"पाट्या कुणी फिरवल्या?"

म्हातारीनं डबीचं झाकण लावलं. साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी कांद्याकडे बघितलं. मग तो खुर्ची ओढून बसला. रणगाड्यांच्या साली तो शाळेतला पोर होता, रंगाचा डबा त्यानंच धरला होता, हे मला म्हातारीनं आधीच सांगितलेलं.

"खालची पाटी तिरकी का आहे?" त्यानं विचारलं.

"तुझा बाप तिरकीच लावायचा."

कुकरची शिट्टी झाली.

"तू मला सरळ 'नाही' म्हणू शकली असतीस," तो म्हणाला.

"तू ऐकलं असतंस?"

त्यानं तोंडावरनं हात फिरवला. खरं बोलावं का खोटं, असा विचार करताना माणूस दिसतो तसा दिसला. मग त्यानं आपल्या गावचं उत्तर दिलं. "बघू."

म्हातारी आधी हसली. मग तो. सून म्हणाली, "दोघंही वेडे आहेत," आन् तीही बसली. मला कुणी काढलं नाय. मी निघताना सुनेनं एवढंच बजावलं, "मावशी, उद्या या. पण आधी त्या पाट्या जागेवर लावा. आणि त्या नर्सला काहीतरी गोड नेऊन द्या." मी शिरा केला. तिनं दार उघडलं नाय, बाहेर ठेवून आले.

गिऱ्हाइकाला घाई होती. त्यानं चौकातलं समोरचं घर घेतलं, ज्याच्या दाराला खिळा नव्हता. आन् उन्हाळा सरता सरता साहेबानं रजा काढली, तळं उपसायच्या आत आईला घरी नेऊन सोडलं. निघताना तिनं मला मिठीबिठी मारली नाय. दारात वळून म्हणाली, "त्या म्हशीचं काहीतरी कर."

पुढच्या सुट्टीत मी गावी गेले. सकाळी दीर उठायच्या आत म्हशीचं दावं सोडलं, तिला त्याच्या पडवीत नेऊन बांधली आन् माझी खोली शेणानं सारवून खाट टाकली. दीर ओरडत आला, "वहिनी, हे काय चाललंय?"

म्हटलं, "सफाई."

त्यानंतरही मी कुवेतला साहेबाकडेच काम केलं, पण कुलूप माझं होतं. म्हातारी त्या घरात पुढं कितीतरी थंड्या एकटी राहिली. साहेब शुक्रवारी फोन लावायचा आन् शेवटी थोडा वेळ माझ्या कानाला द्यायचा.

एकदा म्हणाली, "दारावर फांदी टांगलीय."

"बिअर कुठनं आणलीस?"

"बिअर नाय. पण लोकांना काय ठाऊक? फांदी बघून आत येतात, बसतात. मग मी चहा देते. शिव्या घालतात, पण उठत नाय कुणी, बाहेर बर्फ हाय."

"आन् छप्पर?"

"गळतं."

"मग गो?"

"जिथं गळतं तिथं शेजारच्या गावच्यांना बसवते."